माझ्या पोटावर रिनाचे नाव आहे

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. कॅसेटवाला. कधीकाळी राखाडी होतो, आता पिवळट पडलो आहे. माझ्या पाठीवर एक लांबट खाच आहे, तिच्यात कॅसेट खोचतात. दोन बाजूंना वायरीने बांधलेले दोन रिमोट आहेत. त्यातल्या एकाचे लाल बटण दाबले की आत जाऊन बसते आणि नखाने उकरल्याशिवाय वर येत नाही. सिंदेवाहीजवळच्या एका गावात रामटेक्यांच्या घरी मी राहतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला नवल वाटायला नको. मी फार जळका आहे. जुन्या वस्तूने मन मोठे ठेवावे असे तुमच्या पुस्तकात लिहिलेले असेल. ज्याच्याकडे जागा असेल त्याने ठेवावे. माझ्या आत एक हिरवी पट्टी आणि चार तारा एवढाच संसार आहे, मोठे मन तिथे मावत नाही.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. माझ्या खोक्यावर एका नामांकित परदेशी यंत्रासारखे नाव होते, फक्त एक अक्षर इकडचे तिकडे होते. म्हणजे मी नकली होतो. पण ते खोके नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात उघडले गेले तेव्हा समोर वामनराव रामटेके उभे होते, आणि त्यांना त्या अक्षराशी काही देणेघेणे नव्हते. त्यांची मुलगी रिना सातवीत शाळेतून पहिली आली होती. तिला बक्षीस न्यायचे होते. एसटीत त्यांनी मला दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर धरले. शेजारचा माणूस म्हणाला, "भाऊ, वर ठेवा न, जागा हाय." वामनराव म्हणाले, "नाई गा. पोरीचा हाय." त्या शब्दाने मी जो फुगलो, तो अजून उतरलेलो नाही.

वामनरावांचा एक नेम होता. घरात आलेली वस्तू नाव टाकल्याशिवाय वापरायची नाही. आमच्याकडे कोणाच्या घरी लग्न असो की बुद्धपौर्णिमेचे जेवण, गंज, पराती, गडवे सगळ्या मोहल्ल्यातून गोळा होतात आणि काम झाले की आपापल्या घरी परत जातात. नाव टाकलेले असले की भांडे वाट चुकत नाही. म्हणून घरी येण्याआधी ते मला घेऊन सिंदेवाहीच्या भांड्यांच्या दुकानात उतरले. दुकानदार हसला. म्हणाला, "भाऊ, हे स्टील नोहय, पलास्टिक हाय." वामनराव म्हणाले, "टाका तं खरं." मग ती पेनासारखी मशीन टर्रर्र करत माझ्या पोटावर फिरली. गुदगुल्या झाल्या, थोडे पोळलेही. पण माझ्या पोटावर कायमची अक्षरे उमटली: कु. रिना वा. रामटेके. कॅसेटींवरही तसेच टाकून घेतले.

रिनाचा धाकटा भाऊ नागसेन घरी वाट पाहत होता. त्याने मला उलटे केले, नाव वाचले आणि भोकाड पसरले. "मायं नाव काऊन नाई टाकलं?"

"ताईचं नाव हाय म्हणून थे तुले खेळू देणार नाई का?" वामनराव म्हणाले. "नाव कायले टाकतेत, बापा? आपली चीज आपल्याले बिनधास्त दुसऱ्याले देता यावं म्हणून. नाव असलं म्हणजे फिरून येते."

नागसेनला ते काही पटले नाही. त्याचा तो रडवेला चेहरा मला फार आवडला. माझ्यासारखाच कोणीतरी घरात आहे म्हणून बरे वाटले.

मग माझे राज्य सुरू झाले. तुमच्या गावात मुले संध्याकाळी मैदानावर जात असतील. आमच्या गावाला जंगल लागून आहे. तळ्याच्या पाळीवर पट्टेवाल्याचे पाऊल दिसले की दिवस मावळायच्या आत सगळी पोरे घरात. वाघाला लोक काय काय बोलतात, पण मी त्याच्याविरुद्ध कधी शब्द काढणार नाही. त्याच्यामुळे रामटेक्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. विटीदांडू माझ्यापुढे हरला, गोट्या हरल्या.

सगळ्यांत लाडका खेळ रणगाड्यांचा होता. दोघांनी मिळून विटांचा एक किल्ला राखायचा. चारी बाजूंनी शत्रूचे रणगाडे येतात. किल्ल्याला गोळा लागला की दोघेही मेले, मग तुमचा रणगाडा कितीही शाबूत असो. रिना किल्ल्यासमोर ठाण मांडून बसायची. नागसेन शत्रूच्या मागे सुसाट निघायचा आणि कुठल्यातरी कोपऱ्यात अडकून पडायचा. रिना ओरडायची, "नाग्या, मांगं ये! किल्ला कोण पायते?" तो आवाज चावडीपर्यंत जाई. वामनराव बाहेर खाटेवर बसून हसत.

कॅसेटी घरात बसून राहत नसत. आज या घरी, उद्या त्या घरी. मागितली आणि दिली नाही, असे या घरात कधी झाले नाही. मी स्वतः कितीतरी घरी मुक्कामाला गेलो. कुठे माझ्यावर चहा सांडला, कुठे माझ्या खाचेत कोंबडीचे पीस गेले. पण पोटावर नाव होते. फिरून घरी आलो.

दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही, ते सगळ्यांचे सारखेच जातात. वामनराव वारले. रिना शिकून नर्स झाली, लग्न होऊन वरोऱ्याला गेली. जाताना तिने मला नेले नाही. म्हणाली, "राहू दे इथी, मी आली का खेळू." नागसेन सिंदेवाहीच्या राईस मिलमध्ये मशीनवर लागला, चंदाशी त्याचे लग्न झाले, साक्षी झाली. मी दिवाणाखाली गेलो. वामनरावांच्या जुन्या बनियनमध्ये मला गुंडाळले होते. मोबाईल आला तेव्हाही जळलो, पण बेताने. तो तर जेवणाच्या ताटालाही जळायला लावतो, मी एकटा थोडाच होतो.

खरे जळणे सुरू झाले ते तो पांढरा घरात आला तेव्हापासून.

साक्षी आठवीत गेली आणि नागसेनने नागपूरहून त्याला आणले. हट्ट साक्षीचा होता असे घरात सांगतात. मी दिवाणाखालून सगळे ऐकत होतो. पाव हट्ट साक्षीचा, बाकी नागसेनचा. उंच, पांढराशुभ्र, गुळगुळीत. त्याला ते कन्सोल म्हणतात. रिमोटला वायर नाही. चालू केला की मांजर गुरगुरल्यासारखा हळू आवाज आणि निळा उजेड. आणि मित्रांनो, त्याला तोंडच नाही! मी नीट निरखून पाहिले. खाच नाही, फट नाही, कॅसेट नाही, तबकडी नाही. हा खातो काय? तर म्हणे हवेतून. इंटरनेटवरून खेळ उतरवून घेतो. आमच्या गावचे नेटवर्क तुम्हाला माहीत नाही. एक खेळ उतरायला लागला की साक्षी शाळेत जाऊन यायची, शिकवणीला जाऊन यायची, तरी तो उतरतच असायचा. मला वाटले, कंटाळतील. कंटाळले नाहीत. कारण तो खेळ उतरला, आणि पडद्यावर गवत हलले. घोड्याच्या नाकातून वाफ निघाली. पाण्यात चंद्र थरथरला. माझ्या खेळात पाणी म्हणजे निळा चौकोन. सगळ्या मोहल्ल्याची पोरे पुन्हा त्या खोलीत बसली, आणि मी त्यांच्या पायांचे तळवे मोजत दिवाणाखाली.

चंदाने त्याला लग्नातल्या रेशमी साडीचे झाकण शिवले. काठासकट! मला बनियन. मी त्या दिवशी जेवढा जळलो, तेवढी माझी पट्टी भर उन्हाळ्यात सतत चालूनही कधी तापली नव्हती.

पण कळस पुढेच आहे.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. घरोघरी पाहुणे येतात, लेकी येतात, दुकाने लागतात, रात्री नाटक असते. मंडईला लेक आली नाही तर लोक विचारतात. रिना मागच्या मंडईला आली नव्हती. तिचा नवरा अपघातात गेला होता. त्यानंतर ती कामावर जायची आणि घरी यायची, बस. फोनवरही "हाव" आणि "नाई" यापलीकडे बोलत नसे. ही बाई म्हणे वॉर्डात सगळ्यांना दम देत फिरायची.

यंदा नागसेनने हातापाया पडून तिला यायला कबूल करवले होते. तो चंदाला म्हणाला, "ताई येऊन राह्यली. तिले एक डाव हासताना पायलं का माया जीव भांड्यात पडन." मला वाटले, आता हा दिवाणाखाली वाकणार. वाकला नाही. त्याने त्या पांढऱ्याला चालू केले, त्याच्या आतले दुकान उघडले आणि रणगाड्यांचा खेळ शोधून काढला. तोच. विटांचा किल्ला, तेच चौकोनी पाणी, तेच संगीत. जुन्या आठवणीवाल्यांसाठी म्हणे नव्याने काढला होता. नागसेनने तो विकत घेतला आणि टाळी वाजवली.

माझा खेळ! माझ्या पोटातला खेळ त्याच्या पोटात! मी स्वतः नकली आहे हे मला ठाऊक आहे, कोणी आठवण करून द्यायला नको. पण माझी नक्कल करावी, आणि ती त्या बिनतोंड्याने? आणि रिनाला हसवण्याचे काम त्याला?

तेवढ्यावर थांबले असते तरी मी सोसले असते. मंडईच्या आधी चंदाने घर झाडायला काढले. तिने मला दिवाणाखालून ओढले, बनियन पायपुसणीला घेतले आणि मला भंगाराच्या पोत्यात टाकले. फुटका मिक्सर, सायकलची चेन, आणि मी, खाचेत राहिलेल्या रणगाड्यांच्या कॅसेटीसकट. भंगारवाला मंडईच्या दुसऱ्या दिवशी येणार होता. पोते ओसरीत खोलीच्या दाराशी उभे केले. पोत्याला एक भोक होते, त्यातून मला खोलीतला टीव्ही दिसत होता. एवढी एकच दया झाली म्हणायची, किंवा शिक्षा.

आता नागसेनने काय केले ते ऐका. असली चूक फक्त या घरातलाच माणूस करू शकतो. त्याने घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मंडईचे आमंत्रण टाकले. गडचिरोलीपासून कोरपन्यापर्यंतचे सगळे रामटेके त्या ग्रुपवर आहेत; रिनाही आहे, पण नवरा गेल्यापासून ती तो उघडत नाही. आमंत्रणाखाली त्याने लिहिले: "ज्याले येनं जमत नाई त्यानं घरूनच खेळावं. रनगाड्याचा गेम घेतला हाय. पासवर्ड खाली देऊन राह्यलो. आपलीच चीज हाय, कोनी संकोच करू नये." बापाचे संस्कार! कॅसेट मोहल्ल्यात फिरायची, तसा त्याने पासवर्ड फिरवला. साक्षी शाळेतून येऊन वाचते तो उशीर झाला होता.

"बाबा! असं देत नसतेत!"

"काऊन? पैसे देऊन घेतला न? मंग आपला हाय. आपल्या चीजीले नाई म्हणाची रीत हाय का आपल्या घरी?"

मंडईच्या दिवशी दुपारी रिना आली. मी भोकातून पाहिले. केस पिकले होते. हातातली पिशवी तिने कोपऱ्यात ठेवली, चंदाशी धानाच्या कापणीचे दोन शब्द बोलली आणि भिंतीला टेकून बसली. नागसेन तिच्याभोवती लग्नघरातल्या आचाऱ्यासारखा फिरत होता.

"ताई, ओळख पाहू, तुयासाठी का आणलं?"

"का आणलं?"

"साक्षी, लाव व!"

साक्षीने रेशमी झाकण काढले. निळा उजेड झाला. मी डोळे मिटून घेतले असते, पण मला ते नाहीत. नागसेनने एक रिमोट रिनाच्या हातात दिला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला. साक्षी बटणे दाबत होती. मग ती थांबली. पुन्हा दाबली. टीव्हीवर एक काळा चौकोन आला होता आणि त्यात बारीक इंग्रजी.

"का म्हणते?" नागसेनने विचारले.

साक्षीने वाचले आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, खातं बंद केलं त्यायनं. एकाच वेळी खूप जागी उघडलं म्हणते. गडचिरोली, कोरपना, पुणे... आन कोनी कोनी चुकीचा पासवर्ड टाकला. चोरी झाली असन म्हणून बंद."

"चोरी? आपल्याच घरी?"

"नियम मोडला म्हणते. तपासणी होईपर्यंत कोनताच गेम उघडणार नाई. सगळेच बंद. मायाही."

त्या दिवशी सुट्टी होती ना. ज्याच्याकडे मशीन होते त्याने मशीनवर, ज्याच्याकडे नव्हते त्याने मोबाईलवर, नुसते आहे तरी काय म्हणून, सगळ्या रामटेक्यांनी एकदमच कुलूप खटखटवले होते. नागसेनने कंपनीच्या नंबरवर फोन लावला. तिकडून एक गोड बाई हिंदीत म्हणत होती की एक दाबा, दोन दाबा. त्याने सगळे दाबले. शेवटी तो तिलाच समजावू लागला, "मॅडम, माया सख्खा चुलतभाऊ हाय थो पियुष, चोर नोहय." ती बाई म्हणाली, धन्यवाद.

मित्रांनो, पोत्यात मी नाचलो. चेन माझ्या अंगावर घासली तरी मला पर्वा नव्हती. पांढरा शुभ्र, गुळगुळीत, गवत हलवणारा, आणि आत शिरून बघावे तर एकही दाणा त्याचा स्वतःचा नाही! घरात कोणी पाऊल टाकले नाही, कडी काढली नाही, तरी भरलेले कोठार रिकामे झाले. मला इतका आनंद माझ्या खोक्यातून बाहेर आलो तेव्हाही झाला नव्हता.

मग रिना म्हणाली, "राहू दे गा, नागसेन. मायं मन बी नव्हतं." तिने रिमोट हळूच खाली ठेवला. "मी जराशी पडते आतल्या खोलीत."

ती त्याला नाग्या म्हणाली नाही. नागसेन उभाच राहिला. त्याच्या तोंडावर तो लहानपणचा चेहरा आला होता, माझ्या पोटावरचे नाव वाचून रडतानाचा. तेव्हा मला तो चेहरा आवडला होता. या वेळी आवडला नाही. माझा आनंद तिथल्या तिथे आंबला. जिंकलो तर मीच होतो, पण खेळायला बसणारे कोणी नव्हते, आणि मी पोत्यात होतो.

साक्षी डोळे पुसत ओसरीत आली. पोत्यावर बसायला गेली आणि माझा कोपरा तिला बोचला. तिने पोत्याचे तोंड उघडले.

"बाबा! थो जुना इथीच हाय न!"

"कोनता जुना?"

तिने मला कानाला धरून ओढावे तसे वायरीला धरून बाहेर काढले. मी पालथा आलो. पोट वर, सगळ्यांसमोर. रिना आतल्या खोलीच्या दारात थांबली. मग आली, खाली बसली. माझ्या पोटावरची धूळ तिने पदराने पुसली आणि अंगठा अक्षरांवरून फिरवला. कु. वरून, रिनावरून, वा. वर येऊन तो थांबला.

"पोत्यात टाकला होता का याले?" ती म्हणाली.

चंदा म्हणाली, "ताई, मले का माहीत होतं वो, कोनी उलटा करून पायलाच नाई."

आता मला लावायचे कुठे? नवा टीव्ही पातळ, भिंतीला चिकटलेला. माझ्या पिवळ्या आणि पांढऱ्या पिनेला त्याच्यात भोकच नाही. नवे नव्यालाच धरून असतात. पण शेजारी केसरबाई राहतात. कोणतीही चालू वस्तू त्या टाकून देत नाहीत. त्यांच्याकडे अजून डबा टीव्ही आहे. नागसेनने मला उचलले, साक्षीने रिमोट धरले, रिनाने कॅसेट, आणि आम्ही भर मंडईच्या दिवशी पाहुण्यांनी भरलेल्या गल्लीतून मिरवत केसरबाईंच्या घरी गेलो. सांगतो, मी मुद्दाम चमकलो.

"आना, आना," केसरबाई म्हणाल्या. "पन टीव्हीच्या डोक्यावर थापड मारा लागते."

पिना लागल्या. कॅसेट बसली. लाईट लागला, पण पडद्यावर नुसते रंगांचे पट्टे. एवढी वर्षे फुशारकी मारली आणि आता जर... साक्षी म्हणाली, "खराब झाला वाटते." रिनाने कॅसेट काढली, ओठाजवळ नेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकर मारली, सातवीतली मुलगी मारायची तशी. मग माझ्या खाचेतही मारली. पुन्हा कॅसेट खोचली. केसरबाईंनी टीव्हीला थापड मारली.

संगीत वाजले. विटांचा किल्ला आला.

रिना मांडी घालून बसली. लाल बटणवाला रिमोट नागसेनला गेला, तो नेहमी त्याच्याकडेच जायचा. पहिला डाव ते दोघे नुसते चाचपडत हरले. दुसऱ्या डावात रिनाचा रणगाडा किल्ल्यासमोर जाऊन उभा राहिला. नागसेन निघाला सुसाट, वरच्या कोपऱ्यात, आणि तिथे त्याचे बटण अडकले. शत्रू खाली येऊ लागला.

"नाग्या, मांगं ये!" रिना ओरडली. "किल्ला कोण पायते?"

केसरबाईंच्या अंगणात बसलेल्या कोंबड्या उडाल्या. तो आवाज आपलाच आहे याचे रिनालाही नवल वाटले असावे. मग ती हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी नंतर हसण्याचे राहिले नाही. नागसेनने रिमोट टाकला आणि बहिणीला धरले. किल्ला कोसळला. कोणी तिकडे पाहिलेही नाही. मला पहिल्यांदाच कोणी न पाहिल्याचा राग आला नाही.

थोड्या वेळाने साक्षीला एकदम सुचले. "आत्या, आमच्या मशीनचं खातं सुरू झालं का मी तुले हाच गेम देते. तू वरोऱ्याले खेळजो." मग तिचे तिलाच आठवले. "नाई पन. थो दुसऱ्याले देता येत नाई. तसं लिहून हाय."

रिनाने विचारले, "उसना?"

"उसना बी नाई."

"मंग थो तुया कसा झाला, बाई?"

साक्षीने नागसेनकडे पाहिले. नागसेनने केसरबाईंच्या टीव्हीकडे. उत्तर माझ्याजवळ होते, पण मला विचारतो कोण.

रिनाने मला कडेवर घेतले आणि साक्षीचा हात धरून ती मंडईत निघाली. मला वाटले, झाले, आता मी वरोऱ्याला चाललो. तिच्या खोलीत, तिच्या टेबलावर, रेशमी झाकणात. मी मनातल्या मनात त्या पांढऱ्याचा निरोपही घेतला, आणि तो फार वाईट शब्दांत घेतला. रिना भांड्यांच्या दुकानासमोर थांबली. तिथे एक माणूस गडव्यांवर नावे टाकत बसला होता.

"यावर नाव टाकाचं हाय," रिना म्हणाली.

तो माणूस म्हणाला, "बाई, हे पलास्टिक हाय."

"टाका तं खरं."

टर्रर्र. माझ्या पोटावर, जुन्या नावाच्या खाली, नवे नाव उमटले: साक्षी ना. रामटेके.

मी हादरलो. म्हणजे ही मला देऊन टाकते आहे! एवढी वर्षे जिच्या नावावर जगलो, तिने मला पुन्हा मागेच ठेवले. जळायलाही समोर कोणी नव्हते, म्हणून मी नुसता दुखत राहिलो.

साक्षी म्हणाली, "आत्या, हा तं तुया हाय."

"हाव. माया हाय म्हणूनच तं देता येऊन राह्यला," रिना म्हणाली. "पन पुढच्या मंडईले मी येईन, तवा हा मले इथीच दिसला पायजे. पोत्यात नाई."

मागे नागसेन उभा होता. त्याने "पुढच्या मंडईले मी येईन" एवढेच ऐकले आणि गर्दीत तोंड फिरवले. आणि मला वामनरावांचे बोलणे आठवले. वस्तू देता यावी म्हणून नाव टाकतात. माझे दुखणे कमी झाले. पूर्ण गेले असे म्हणणार नाही.

पांढऱ्याचे खाते नंतर उघडले, ताकीद देऊन. आता आम्ही दोघे एकाच फळीवर असतो. चंदाने उरलेल्या साडीतून मलाही झाकण शिवले. त्याच्या झाकणाला काठ आहे, माझ्या नाही. हे मी पाहिलेले आहे. तो गवत हलवतो तेव्हा मी अजून जळतो, आणि गवत खरेच सुंदर हलते. पण जळता जळता कधीकधी त्याची कीवही येते. बिचारा दिसायला राजा, आणि आपल्या पोटातला एक खेळ कोणाला उसना देऊ शकत नाही. साक्षीला त्याच्यावरही नाव टाकायचे होते. नागसेन म्हणाला, टाकले तर वॉरंटी जाईल. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

मित्रांनो, नवे यंत्र जरूर घ्या. मी नको म्हटले तरी तुम्ही घेणारच. फक्त घेताना रिनाने विचारले ते एकदा विचारा. आणि घरातली जुनी वस्तू पोत्यात टाकण्याआधी तिला उलटी करून पाहा. पोटावर कोणाचे नाव निघेल, सांगता येत नाही.

माझे म्हणाल तर मला आता काही मागायचे नाही. काठाचे सुद्धा मी सोडून दिले. फक्त कोणीतरी ते लाल बटण तेवढे दुरुस्त करून द्या. पुढच्या मंडईला रिना येणार आहे.